काखेतील खाज : काखेत कळसा, गावाला वळसा

यंदाच्या स्मरणिकेसाठी लेखाचा विषय कळवावा, असा मंडळाच्या चिटणीसांचा निरोप आला, तेव्हा मी ‘काखेतील खाज’ एवढेच लिहून पाठविले. दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला. ‘‘डॉक्टर, हृदय, मेंदू आणि मूत्रपिंड इतर मंडळींनी आधीच पटकावले म्हणून आपण काखेत शिरलात की काय?’’ त्यांच्या विनोदाला मीही मनापासून हसलो. विषय मात्र बदलला नाही. त्यास एक कारण आहे आणि ते माझ्या स्वतःच्या चुकीशी निगडित आहे. ते ओघात येईलच.

बालरोगतज्ज्ञाकडे केवळ काखेची तक्रार घेऊन सहसा कोणी येत नाही. ती तक्रार येते ती उठता उठता. बाळाची लस टोचून झालेली असते, झबले घालून झालेले असते, पुढच्या तारखेची नोंद झालेली असते, आणि दाराशी पोचलेली आई वळून म्हणते, ‘‘डॉक्टर, हिच्या काखेत जरा खाज येते, काहीतरी लिहून द्या ना.’’ या ‘काहीतरी’त सारा घोटाळा आहे. बाहेर वीस रुग्ण ताटकळत असतात, मुलगी संकोचाने खांदे आवळून उभी असते, आणि डॉक्टरांचा हात सवयीने कागदाकडे जातो.

काखेची त्वचा इतर त्वचेहून वेगळ्या परिस्थितीत नांदते. तेथे दोन पृष्ठभाग दिवसभर एकमेकांस घासतात, वारा पोचत नाही, ऊन तर मुळीच नाही. घामाच्या ग्रंथी तेथे दोन प्रकारच्या असतात. एक्राइन ग्रंथी जन्मापासून काम करतात व पाण्यासारखा घाम सोडतात. अपोक्राइन ग्रंथी केसांच्या मुळाशी उघडतात आणि वयात येईपर्यंत जणू झोपलेल्या असतात. त्यांचा स्राव मूळचा निर्गंधच असतो. त्वचेवरील जिवाणू त्याचे विघटन करतात तेव्हा वास निर्माण होतो. दहा-बारा वर्षांच्या मुलामुलींना हा बदल प्रथम नाकाला जाणवतो, आणि मग फवारे, पावडरी, लिंबाची फोड, तुरटी यांचा मारा सुरू होतो. किशोरवयातील काखेच्या खाजेच्या पुष्कळशा कथांचा आरंभ येथेच असतो.

आमच्या बडोद्यात या तक्रारीला हंगामही आहे. नवरात्रात पावसाचा दमटपणा सरलेला नसतो आणि ऑक्टोबरचा उकाडा दाराशी आलेला असतो. अशा हवेत मुली नऊ रात्री गरबा खेळतात. चणिया-चोळी आरशांच्या भरतकामाची, आतून सिंथेटिक अस्तराची. ती रोज धुतली तर भरतकाम बिघडते, म्हणून घामाने भिजलेली चोळी तशीच वाळवून दुसऱ्या रात्री पुन्हा अंगावर चढते. मैत्रिणींत चोळ्यांची अदलाबदलही होते. त्यातच काखेतील केस काढून त्याच संध्याकाळी वर डिओडरंटचा फवारा. कोजागरीपासून दिवाळीपर्यंत आमच्या दवाखान्यांत काखा खाजवणाऱ्या मुलींची रांग लागली नाही तरच नवल! गरबा खेळू नये, असे मी कधीही सांगत नाही. माझी स्वतःची मुलगी तो खेळत मोठी झाली.

खाज काखेत, पण नेमकी कोठे?

काखेकडे पाहताना सर्वांत उपयोगी प्रश्न ‘खाज किती?’ हा नसून ‘खाज नेमकी कोठे?’ हा आहे. डिओडरंटमधील सुगंधी द्रव्यांची ॲलर्जी झाली असेल, तर लाली व बारीक पुरळ काखेच्या खोल घुमटात, जेथे फवारा पडतो तेथे दिसते. कपड्याच्या रंगाची ॲलर्जी असेल, तर घुमट बहुधा सुटतो आणि कापड जेथे घट्ट घासते त्या कडांवर पुरळ उठते. गडद निळ्या-काळ्या सिंथेटिक कापडांच्या बाबतीत हे विशेष आढळते. एवढ्या एका निरीक्षणावरून बाटली टाकून द्यायची की चोळी बदलायची, हे ठरते. केस काढल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येणारी टोचरी खाज वेगळी. तेथे केसांच्या मुळाशी एकेक लाल ठिपका दिसतो, आणि काही दिवस वस्तरा व फवारा दोन्ही दूर ठेवले की बहुधा ती आपोआप शमते.

नायट्याची कडा उठावदार, किंचित खवलेदार असते. मध्यभाग निवळतो आणि कडा पसरत जाते. एकट्या काखेत नायटा थांबला आहे असे क्वचितच घडते, म्हणून जांघ आणि कमरेचा भाग पाहिल्याशिवाय तपासणी पुरी समजू नये. चणियाचा किंवा परकराचा नाडा जेथे करकचून बांधला जातो, तेथे तो हमखास सापडतो. कँडिडा या बुरशीचे रूप निराळे: घडीच्या आत ओलसर, लालभडक, सोलवटलेली त्वचा आणि भोवती सुटे छोटे पुरळ. गुटगुटीत तान्ह्यांत व मधुमेही वडीलधाऱ्यांत ती अधिक. तपकिरी, कोरडा, जेमतेम खाजणारा डाग महिनोन्महिने तसाच राहत असेल, तर एरिथ्रॅस्मा आठवावा. हा जिवाणूंचा संसर्ग असून वूडच्या दिव्याखाली तो पोवळ्यासारखा लालसर चमकतो. घड्यांतील सोरायसिसला खवले नसतात. तो चकचकीत लाल आणि रेखीव कडांचा असतो, त्यामुळे बुरशी समजून महिने वाया जातात. तान्ह्या बाळांच्या काखेत घामोळे, सेबोऱ्हिक त्वचादाह आणि साधी ओल साचून होणारी लाली या तिन्ही गोष्टी आढळतात. यांतील साध्या ओलीवर कोरडे ठेवणे याहून थोर औषध नाही.

काखेत काळपट, मखमलीसारखी जाड त्वचा दिसली आणि तशीच मानेवरही असली, तर तो मळ नव्हे. स्थूल मुलांत हे इन्सुलिनला शरीर दाद देत नसल्याचे चिन्ह असते. ही त्वचा मुळात फारशी खाजत नाही. परंतु अनेक घरांत आई वा आजी ती वजरीने घासून काढू पाहते आणि मग आग व खाज दोन्ही सुरू होतात. येथे मलम शोधू नये. मुलाचे वजन, रक्तदाब आणि रक्तशर्करा तपासावी, घरात मधुमेह कोणाला आहे ते विचारावे.

आता खरूज. तिच्यासाठी मी मुद्दाम जागा राखून ठेवली आहे. १६८७ साली इटलीतील बोनोमो यांनी खरजेच्या कीटकाचे वर्णन प्रसिद्ध केले. अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असलेला हा जीव तेव्हापासून आपल्याला ठाऊक आहे आणि तरीही तो आपल्याला रोज चकवतो. काखेच्या पुढच्या घडीवर, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती, कमरेवर बारीक पुरळ येते व रात्री अंथरुणात शिरल्यावर खाज वाढते. प्रथमच लागण झालेल्या माणसास खाज सुटावयास चार-सहा आठवडेही लागू शकतात, म्हणून कोणी कोणाला दिली याचा पत्ता लागत नाही. तान्ह्या बाळांत हे सारे नियम मोडतात. तळहात, तळपाय, चेहरा, डोके कोठेही पुरळ येते, आणि काखेत तपकिरी-लालसर गाठी उठतात. तेव्हा दुसरा प्रश्न असा: ‘घरात आणखी कोण खाजवते?’

माझी चूक

२००९ सालच्या नवरात्रानंतरची गोष्ट. सव्वातीन महिन्यांच्या एका बाळाला तिसऱ्या डोसासाठी त्याची आई घेऊन आली होती. सोबत बाळाची चौदा वर्षांची चुलतबहीण होती. एकत्र कुटुंब, घरात नऊ माणसे. निघता निघता बाळाची आई म्हणाली, ‘‘डॉक्टर, हिच्याकडेही जरा बघा. नवरात्रापासून काखेत खाजवते आहे.’’ मुलगी लाजून भिंतीकडे पाहू लागली. मी तिला हात वर करावयास सांगितले नाही. नवरात्र, घाम, काख एवढ्या तीन शब्दांवर माझे निदान झाले, आणि मी एका संमिश्र मलमाचे नाव कागदावर लिहिले. बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि क्लोबेटासोल हे तिन्ही एका ट्यूबमध्ये. ‘‘पाच दिवस लावा,’’ असे मी तोंडी सांगितले. कागदावर ते लिहिलेले नव्हते.

मध्यंतरी बाळाला घेऊन कोणी आले नाही. पुढच्या एप्रिलमध्ये गोवराच्या लसीसाठी ते बाळ नऊ महिन्यांचे होऊन आले. गोल गरगरीत गाल, गुलाबी कांती. ‘‘काय गुटगुटीत झाला आहे हो!’’ हे उद्गार माझेच होते आणि आजींनी कौतुकाने त्याची दृष्ट काढण्याचा अभिनयही केला. वजन छान वाढले होते. सहायिकेने लांबी मोजून तक्त्यावर ठिपका दिला आणि मी गप्प झालो. सहा महिन्यांत वजनाची रेषा वर चढली होती आणि लांबीची रेषा जवळजवळ आडवी झाली होती. भरपूर खाऊन गुटगुटीत होणारे मूल उंचीनेही वाढते. वजन वाढावे आणि उंची थांबावी, हे अन्नाचे काम नव्हे, ते संप्रेरकाचे काम. मी झबले काढले. पाठीवर व कपाळावर लव वाढलेली होती, मानेच्या, काखेच्या व जांघेच्या घड्यांतील त्वचा कागदासारखी पातळ झाली होती आणि काखेत चार-पाच गाठी होत्या.

‘‘याला काही लावता का?’’ असे मी विचारले. आजी म्हणाल्या, ‘‘तुमचीच ट्यूब हो! अगदी रामबाण. मुलीची खाज दोन दिवसांत थांबली, म्हणून मग सगळ्यांनीच लावली. बाळाला मालिश झाल्यावर घड्यांत मी रोज बोटभर लावते.’’ तो माझ्या हातचा कागद घडीघडीवर फाटेपर्यंत वापरला गेला होता. घरातील पाच माणसे रात्री खाजवत होती. आरंभापासून ती खरूज होती. स्टेरॉइडने खाज दडपली, कीटक तसेच राहिले, आणि औषध बाळाच्या त्वचेतून रक्तात उतरून त्याच्या स्वतःच्या अधिवृक्क ग्रंथींना झोपवून गेले.

हे कळल्यावर पहिली ऊर्मी ट्यूब कचऱ्यात फेकून देण्याची होते. येथेच दुसरी चूक घडू शकते. महिनोन्महिने बाहेरून स्टेरॉइड मिळालेल्या बाळाचे ते एकाएकी बंद केले आणि त्यास ताप, उलट्या वा जुलाब झाले, तर शरीरास लागणारे कॉर्टिसॉल त्याच्याजवळ नसते आणि जीवावर बेतू शकते. या बाळाचे सकाळचे कॉर्टिसॉल फारच कमी निघाले. संप्रेरकतज्ज्ञांच्या सल्ल्याने मलम थांबवून तोंडाने हायड्रोकॉर्टिसोन सुरू केले, काही महिन्यांत ते हळूहळू कमी केले, आणि ताप आल्यास काय करावयाचे त्याचा कागद घरच्यांना दिला. हा कागद मात्र नीट लिहिलेला होता. घरातील नऊही जणांनी एकाच रात्री परमेथ्रिनचे मलम लावले. बाळ पुढे व्यवस्थित वाढले. मुलीच्या दोन्ही काखांत मात्र लाल, खोलगट रेघा उमटल्या होत्या. कालांतराने त्या पांढुरक्या झाल्या, गेल्या नाहीत. बिनबाह्यांचा ब्लाउज तिने पुढे कधी घातला नाही, असे तिच्या काकूंनीच मला सांगितले. त्या कुटुंबाने मला दोष दिला नाही. तो दिला असता तर बरे वाटले असते.

घडीतील मलम

जे मलम हाताला चालते ते काखेला का चालत नाही? १९६७ साली फेल्डमन आणि मायबॅक यांनी हायड्रोकॉर्टिसोनच्या शोषणाचा अभ्यास केला. हाताच्या आतल्या बाजूच्या तुलनेत काखेतून सुमारे साडेतीन पट औषध शरीरात जाते, असे त्यांना आढळले. त्यातून घडीत त्वचेवर त्वचा मिटते, म्हणजे जणू पट्टी बांधलेली असते. तान्ह्या बाळात शरीराच्या वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ मोठे, आणि क्लोबेटासोल हे तर स्टेरॉइडांच्या सर्वांत प्रबळ गटातील. बारा वर्षांखालील मुलांसाठी त्याची शिफारसच नाही. हे सारे मला २००९ सालीही ठाऊक होते. परीक्षेत विचारले असते तर उत्तर बरोबर आले असते.

नायट्यावर असे मलम लावले तर काय होते, याला इव्ह आणि मार्क्स यांनी १९६८ साली ‘टिनिया इनकॉग्निटो’ म्हणजे वेशांतर केलेला नायटा असे नाव दिले. कडा पुसट होते, खाज थांबते, बुरशी आत पसरत राहते, आणि मलम सोडताच पहिल्याहून मोठ्या प्रमाणात उसळते. गेल्या काही वर्षांत आपल्या देशात नायटा असा चिवट झाला आहे, की पूर्वी जेथे दोन आठवडे पुरत तेथे आता महिने लागतात. भारत व नेपाळमधून आलेल्या रुग्णांत सापडलेल्या, टर्बिनाफिनला दाद न देणाऱ्या बुरशीचे जपानी संशोधकांनी २०२० साली ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ असे नामकरण केले. आपल्या देशाचे नाव अशा ठिकाणी जोडले जावे, याचे मला वाईट वाटते. बुरशीची ही जात इतकी का फोफावली याची कारणे एकाहून अधिक असतील. संमिश्र मलमांचा बेसुमार वापर त्यांपैकी एक आहे, असे त्वचारोगतज्ज्ञ सांगत आले आहेत. त्यांच्या संघटनेच्या दीर्घ पाठपुराव्यानंतर मार्च २०१८ मध्ये केंद्र शासनाने चौदा स्टेरॉइड मलमांना शेड्यूल ‘एच’च्या कक्षेत आणले, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. चिठ्ठी मात्र आपणच लिहितो. माझ्या उदाहरणातील औषधविक्रेत्याने सहा महिने एकाच कागदावर ट्यूब दिली हे खरे. पण तो कागद माझा होता.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

वाचकांपैकी जे वैद्यकीय क्षेत्रातील नाहीत, त्यांच्यासाठी हे थोडे सविस्तर लिहितो. एखादा नवा साबण, फवारा किंवा कपडा वापरल्यानंतर खाज सुटली असेल, तर ती वस्तू थांबवून, काख साध्या पाण्याने धुऊन, टिपून कोरडी करून आठवडाभर वाट पाहण्यास हरकत नाही. सुती, सैल कपडे घालावेत. पावडरीचे थर देऊ नयेत. घामात तिचे गोळे होऊन त्या अधिक घासतात. लिंबाची फोड चोळल्याने वास जातो, पण सोललेल्या त्वचेची आग होते. केस काढल्यावर एक-दोन दिवस फवारा मारू नये.

दोन आठवड्यांत खाज गेली नाही, गोल कडा पसरत आहे, रात्री खाज वाढते, किंवा घरात दुसऱ्याही कोणास खाज आहे, असे असेल तर मात्र डॉक्टरांस दाखवावे. आणि तोपर्यंत घरातील अर्धवट ट्यूब लावू नये, कारण तिने चित्र पुसले जाते. एक वर्षाखालील बाळाच्या काखेत काहीही झाले तरी आधी दाखवावे, मग लावावे. मधुमेही व्यक्तींनीही थांबू नये. दुखरी, पू धरलेली गाठ, जिला आपल्याकडे काखमांजरी म्हणतात, तिच्यासोबत ताप असेल तर त्याच दिवशी जावे. अशा गाठी दोन्ही काखांत पुन्हा पुन्हा होऊन व्रण ठेवत असतील तर तो अस्वच्छतेचा परिणाम नसून हायड्राडेनायटिस नावाचा दीर्घ आजार असू शकतो. त्यावर उपचार आहेत आणि ते जितके लवकर तितके बरे. फवारा मारताच ओठ वा पापण्या सुजल्या किंवा श्वास लागला, तर तातडीने रुग्णालय गाठावे.

न दुखणारी, टणक, दोन-तीन आठवड्यांत न विरघळणारी गाठ मोठ्या माणसांत, विशेषतः स्त्रियांत, कधीही दुर्लक्षू नये. स्तनाची तपासणी तिच्यासोबतच व्हावयास हवी. अंगभर खाज, त्वचेवर पुरळ नाही, आणि जोडीला वजन घटणे, रात्री घामाने कपडे भिजणे, डोळे पिवळे होणे यांपैकी काही असेल, तर कारण त्वचेत नसून आत शोधावे लागते. बाळाच्या डाव्या काखेत बीसीजी लशीनंतर काही आठवड्यांनी वा महिन्यांनी येणारी न दुखणारी लहान गाठ ही मात्र पुष्कळदा निरुपद्रवी असते. ती खाजत नाही. ती मोठी होत असेल, लाल होऊन मऊ पडत असेल तर दाखवावी. शेक देऊ नये, दाबू नये.

खरजेचे निदान झाले तर सर्व घराने एकाच दिवशी उपचार घ्यावेत, खाज असो वा नसो. पाच टक्के परमेथ्रिन मोठ्यांनी मानेपासून तळपायांपर्यंत, बोटांच्या बेचक्यांत, नखांच्या कडेला, बेंबीत, काखेत लावून रात्रभर ठेवावे आणि आठवड्याने पुन्हा एकदा लावावे. बाळांना, दोन महिन्यांवरील असल्यास, डोळे व तोंड टाळून डोक्यालाही लावावे लागते. त्याहून लहान बाळासाठी डॉक्टर दुसरा उपाय सांगतील. कपडे व पांघरुणे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावीत. जे धुता येत नाही, उदाहरणार्थ ती आरशांची चोळी, ते प्लॅस्टिकच्या पिशवीत चार-पाच दिवस घट्ट बांधून ठेवावे. माणसाच्या अंगाबाहेर हा कीटक दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा जगत नाही. कीटक मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे टिकू शकते. त्या काळात ‘औषध लागले नाही’ असे समजून रोज परमेथ्रिन लावत बसणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. त्याने त्वचा कोरडी पडते आणि खाज वाढतेच.

व्यवसायबंधूंना एकच अडचण मांडतो, कारण ती मलाही अजून पूर्णपणे सुटलेली नाही. तेरा-चौदा वर्षांची मुले काख दाखवावयास लाजतात, मुलगे मुलींइतकेच. ‘‘वेगळे काही नाही, सगळ्यांचीच पाहतो,’’ असे म्हणून, आईला जवळ उभे करून, पडद्याआड पाहिले तर बहुतेक तयार होतात. काही होत नाहीत. अशा वेळी मी आता मलम लिहीत नाही. चार दिवसांनी पुन्हा बोलावतो. स्टेरॉइड लिहावेच लागले तर सौम्य, एकट्याचे, आणि कागदावर मुलाचे नाव, किती दिवस, कोणत्या जागी हे मराठीत व गुजरातीतही लिहितो, कारण घरी तो कागद आजी वाचतात आणि दुकानात गुजराती मुलगा. खाली ‘ही ट्यूब दुसऱ्या कोणासही लावू नये, सहाव्या दिवशी टाकून द्यावी’ असा रबरी शिक्का मारतो. शिक्का २०१० सालचा आहे. आतापर्यंत तीनदा नवा करून घ्यावा लागला.